चाव्या तात्यांपाशी

मच्छिंद्र तात्या हॉर्न वाजवत नसत. गेवराईच्या चौकात बाजाराचा दिवस असावा, पुढं म्हशी आडव्या, मागून एसटी ओरडतेय, आणि तात्या स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून गप्प. शेजारचा वैतागून म्हणायचा, "तात्या, वाजवा की." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "हॉर्न म्हंजे शिवीच हाय रं. सकाळधरनं कुनाकुनाला शिव्या देऊ?" मग म्हशी त्यांच्या त्यांच्या मर्जीनं जायच्या आणि गाडी हलायची.

गेल्या माघात तात्या गेले. उमापूरला स्वतःच्या घरात दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. मी तेव्हा परदेशात गाडीवर होतो. माती द्यायला नव्हतो, म्हणून असेल, पण मला ते गेल्यासारखे वाटतच नाहीत. अजून एखाद्या पार्किंगमध्ये गाडी लावली की वाटतं, पलीकडच्या केबिनमधून तो खरखरीत आवाज येईल, "दत्त्या, चहा टाकू का?"

आमची पहिली गाठ पडली आखातात. वाळवंटातल्या कामगारांच्या छावणीत नळावर पाण्यावरून भांडण जुंपलं होतं आणि मी तोंडाला येईल ते बोलत होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "बीडचा का बे तू?"

वळून पाहिलं. काळा, किडकिडीत, पन्नाशीकडं झुकलेला माणूस, डोक्याला पांढरा रुमाल.

"तुम्हाला कसं कळलं?"

"एवढी मन लावून शिवी दुसऱ्या जिल्ह्याला येत न्हाई."

मी गेवराईचा, ते उमापूरचे. वाळवंटात तेवढं नातं पुरतं. त्या दिवसापासून ते माझे तात्या झाले.

घर मेंढपाळाचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन सगळं घर बाहेर पडायचं, ते मिरगाच्या तोंडाला परत यायचं. बाप लवकर गेला. पुढं कळप माय आणि तात्या मिळून सांभाळायचे. चारा आटत गेला, रानं कुंपणात गेली, मेंढरं विकली आणि तात्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढले. लग्न झालं होतं, पण बायको बाळंतपणात गेली, लेकरूही राहिलं नाही. पुन्हा लग्नाचा विषय कुणी काढला की ते उठून चाकांची हवा बघायला जायचे. घरात म्हातारी माय, आणि कडा गावाकडच्या एका वस्तीवर दिलेली धाकटी बहीण गया. एवढंच त्यांचं गोत. गयेला त्यांनी खांद्यावर घेऊन मेंढरांमागं वाढवलेलं. ती त्यांना एकेरीत हाक मारायची, भांडायची, फोनवरूनही रागवायची. तिचा फोन आला की तात्यांचं तोंड उजळायचं.

आखातात ट्रक चालवत चारेक वर्षं झाली असतील. मग पोलंडमधल्या एका कंपनीचा माणूस ड्रायव्हर शोधत तिथं आला. युरोप म्हटल्यावर आम्ही पोरं हरखलो. तात्यांनी एवढंच विचारलं, "तिथं सावली हाय का?" हाय म्हटल्यावर अंगठ्यासारखी दिसणारी आपली सही करून मोकळे.

युरोपात तात्या मराठीच बोलायचे. डिझेल भरणाऱ्या फ्रेंच पोराशी, गोदामातल्या जर्मन बाईशी, रस्त्यावरच्या पोलिसाशी, सगळ्यांशी उमापूरची मराठी. मी एकदा म्हणालो, "तात्या, दोन शब्द इंग्रजीचे तरी शिका." म्हणाले, "त्याला माझी येत न्हाई, मला त्याची कावून यावी? तोंड बघून कळतं की मानसाला." आणि खरंच, त्यांची कामं आमच्या आधी व्हायची.

कंपनीत बसून आमच्या गाड्या हलवणाऱ्या माणसाला ते मुकादम म्हणायचे. केबिनमधल्या यंत्रावर त्याचा हुकूम उमटायचा: इथून उचल, तिथं टाक, किती वाजता पोचणार, का थांबलास. "उसाच्या फडात मुकादम फटफटीवर यायचा," तात्या म्हणायचे, "ह्यो काचंतनं येतो. बाकी त्योच हाय."

त्यांच्या सीटवर कायम काळी घोंगडी असायची, त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीची, मायनं सूत काढलेली. इंग्लंडला जाणाऱ्या बोटीच्या धक्क्यावर एकदा पोलिसांचा कुत्रा केबिन हुंगायला चढला आणि त्या घोंगडीवर जाऊन जो बसला तो उतरेना. पोलीस साखळी ओढतोय, कुत्रा डोळे मिटतोय. गाडीत काहीतरी सापडलं असं समजून आणखी दोन अधिकारी धावत आले. त्यांनी घोंगडी उलटीपालटी केली, सीट उचकली, काही नाही. कुत्रा पुन्हा जाऊन बसला. तात्या खाली उभे राहून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब, दमलंय ते. दुसऱ्याच्या गाड्या हुंगून हुंगून कुनी बी दमंल." साहेबाला काय कळलं कोण जाणे, पण तो हसला आणि कुत्र्याला पाचेक मिनिटं तिथंच बसू दिलं.

रविवारी मायला फोन असायचा. माय विचारायची, "कुठं हायेस?" हे सांगायचे, "बेल्जियम." माय म्हणायची, "आसंल. पानी पडतं का तिथं?" "लई पडतं. गवत कंबरंएवढं." त्यावर माय म्हणायची, "मग आपली मेंढरं इकली ते चुकलंच." दर रविवारी हेच बोलणं. दर रविवारी तात्या हसायचे आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ काचेबाहेर बघत बसायचे.

पगाराचं आमचं पहिल्यापासून कुरकुरतच होतं. करारात पोलंडचा किमान पगार लिहिलेला, वर रोजचा भत्ता. पण पोलंड आम्ही बघायचोच कुठं? जर्मनीत भरायचं, जर्मनीतच उतरवायचं. फ्रान्समधून उचलायचं, बेल्जियममध्ये रिकामं करायचं. महिनेच्या महिने केबिन हेच घर. भत्त्यातनं दर वेळी काहीतरी कापलेलं असायचं. कधी गाडीला ओरखडा पडला म्हणून, कधी डिझेल जास्त लागलं म्हणून, कधी पोचायला उशीर झाला म्हणून. आम्ही चडफडायचो आणि पुढचा माल भरायचो.

जर्मनीत हमरस्त्याकडेच्या एका पार्किंगमध्ये आमच्या कंपनीच्या बऱ्याच गाड्या शनिवार-रविवार थांबायच्या. तिथं एकदा कामगार संघटनेची एक बाई आली. उंच, पिकल्या केसांची, पायात चिखलाचे बूट. ती इंग्रजीत सांगत होती आणि आमच्यातला हरजीत त्याचं हिंदी करत होता. तिचं म्हणणं असं, की एखाद्या देशातून तुम्ही नुसते आरपार गेलात तर त्या देशाचा पगार लागू होत नाही. पण त्याच देशात माल भरून तिथंच उतरवलात, किंवा तुमच्या कंपनीच्या देशाशी संबंध नसलेल्या दोन देशांमध्ये माल नेलात, तर तेवढ्या कामाला तिथला किमान पगार मिळायला हवा. आणि बाहेर राहण्याच्या खर्चासाठी दिलेला भत्ता त्या पगारात धरता येत नाही.

हरजीत दोनदा सांगूनही आम्ही एकमेकांकडं बघत होतो. तात्या म्हणाले, "दत्त्या, मास्तरीनबाई काय म्हनती ते नीट सांग." मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"म्हंजे आपलं मेंढरं बसवायचंच झालं की."

"ते कसं?"

"आरं, वाटंनं जाताना मेंढरं कुनाच्या बांधावरनं गेली तर कोन दाने देत न्हाई. पन राती त्याच्या रानात बसवली, खत त्याच्या जमिनीत पडलं, तर दाने त्यानं द्यायचे. आन त्याच्या गावात चालतो त्या भावानं. उमापूरच्या भावानं न्हाई." बाईकडं बोट दाखवून म्हणाले, "तिला म्हनावं, हे माझ्या आज्याला बी ठावं होतं."

हरजीतनं ते कसंबसं इंग्रजीत घातलं. बाई हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "तुमच्या आजोबांना दाणे मिळायचे का?" तात्या म्हणाले, "मागितले तर."

त्यानंतर थोड्याच दिवसांत दोन महिन्यांचे पगार अडकले आणि गाड्या त्याच पार्किंगमध्ये थांबल्या. कुणी बोलावलं नाही, एकानं थांबवली म्हणून दुसऱ्यानं थांबवली. उझबेक होते, जॉर्जियाचे होते, नेपाळी, पंजाबी, आणि आम्ही दोघं बीडवाले. मागणी दोनच: थकलेला पगार द्या, आणि जिथं काम केलं तिथल्या हिशेबानं द्या.

कंपनीचा माणूस आला. उंची कोट, मऊ बोलणं. तो सगळ्यांशी एकदम बोलायचाच नाही. एकेकाला गाडीआड न्यायचा. पहिल्याच दिवशी दोन गाड्या चालत्या झाल्या. तेव्हा रुस्तम नावाच्या उझबेक ड्रायव्हरनं सुचवलं, की सगळ्यांनी आपापल्या चाव्या एकाच माणसाकडं ठेवाव्यात. पण कुणाकडं? उझबेकांना जॉर्जियावाला नको, जॉर्जियावाल्यांना पंजाबी नको. शेवटी हरजीत म्हणाला, "तात्यांकडं द्या. त्यांना कुणाचीच भाषा येत नाही, त्यांना फितवणार कोण?"

सगळे हसले, आणि खरंच चाव्या तात्यांकडं आल्या. त्यांनी त्या एका दोरीत ओवल्या आणि कमरेला सदऱ्याखाली बांधल्या. चालले की खुळखुळ वाजायचं. थंडी होती. तात्या सकाळी चुलाणावर मोठं पातेलं चढवायचे, त्यात डाळ, तांदूळ, जे कुणी आणून देईल ते. रांगेतल्या शेवटच्या माणसानं खाल्ल्याशिवाय स्वतः बसायचे नाहीत. मिरची मात्र त्यांच्या हातची. जॉर्जियाचे दांडगे गडी डोळे पुसत जेवायचे.

अशात एका सकाळी गयेचा फोन आला. माय पडली होती. कंबर मोडली होती आणि छातीत कफ भरला होता. गेवराईच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. गया रडत नव्हती, रागावल्यासारखी बोलत होती. फोनचा आवाज मोठा असायचा, मला सगळं ऐकू आलं.

"दादा, ती तुझंच नाव घेती. तू ये."

"येतो."

"येतो म्हनू नको. निघ."

ही बातमी कंपनीच्या माणसाला कशी लागली ते कळलं नाही. दुपारपर्यंत तो तात्यांसमोर उभा. या वेळी त्यानं गाडीआड नेलं नाही. हरजीतला मध्ये घेऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमचा सगळा पगार आत्ता देतो. आज संध्याकाळच्या विमानाचं तिकीट देतो. उद्या तुम्ही आईपाशी असाल. फक्त त्या चाव्या माझ्या हातात द्या."

रुस्तम पुढं झाला, तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. जा, असंच म्हणाला असेल. मीही म्हणालो, "तात्या, जा. आमचं आम्ही बघू."

तात्यांनी कमरेला हात लावला. मला वाटलं, दोरी सोडतायत. मग ते म्हणाले, "ह्याला सांग, माझी गाडी तेवढी ने. माझी चावी देतो."

तो माणूस म्हणाला, "सगळ्या."

"मग न्हाई."

संघटनेच्या बाईला आम्ही फोन केला. ती धावत आली. दोन दिवसांत तिकिटाचे पैसे उभे करते, म्हणाली. चाव्या तेवढ्यात दुसऱ्या कुणाकडं द्यायच्या, असंही ठरलं. तात्यांनी गयेला फोन करून सांगितलं, "दोन दिस थांब म्हनावं मायला. तिनं लई दुष्काळ काढलेत. दोन दिसाचं काय हाय तिला?" पलीकडून गयेनं फोन ठेवून दिला.

माय थांबली नाही. तिकीट हातात यायच्या आदल्या दिवशीच गेली.

भाच्यानं व्हिडिओवर फोन लावला. तिकडं दुपार होती, इकडं सकाळ, गवतावर दव. पडद्यावर अंगणात माणसं, हलणारं ऊन, कुणाचं तरी डोकं मध्ये येतंय. तात्या गाडीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी तोंड दाखव म्हटलं नाही. म्हणाले, "मायचे पाय दाखव रं."

भाच्यानं फोन खाली नेला. भेगाळलेले, हळद लावलेले, शेकडो कोस चाललेले ते पाय. तात्यांनी फोन कपाळाला लावला आणि तसाच धरून ठेवला. आमच्या सगळ्यांच्या टोप्या निघाल्या होत्या. कोण कुठल्या धर्माचा, कुणाला काय कळलं, काही सांगता येत नाही.

नंतर तात्यांनी मला खुणेनं डोकं करायला सांगितलं. माझ्याच्यानं ते होईना. रुस्तमनं आपलं केस कापायचं यंत्र आणलं, केबिनमधल्या प्लगला लावलं आणि तात्यांचं डोकं मांडीशी धरून, लेकराचं करावं तसं, हळूहळू भादरलं. केस घोंगडीवर पडत होते. तात्यांच्या कमरेला चाव्या तशाच होत्या.

त्याच आठवड्यात कंपनी नमली. थकलेला पगार आला, जर्मनीतल्या कामाचा फरकही आला. माणसं एकमेकांना उचलून नाचली. तात्यांनी दोरी सोडली आणि एकेकाला बोलावून ज्याची चावी त्याच्या हातात ठेवली. माय गेल्यावर पुढं ढकललेल्या तिकिटावर तिसऱ्या दिवशी ते गावाकडं निघाले. पोचले तेव्हा दहावं होऊन गेलं होतं.

त्या पार्किंगचा एक व्हिडिओ गावाकडं आधीच पोचला होता. त्यात तात्या चाव्यांची दोरी धरून उभे, मागं माणसं घोषणा देतायत. गावानं आपला अर्थ लावला. पगारासाठी संपावर बसला, मायचं तोंड बघायला आला न्हाई. पारावर हे त्यांच्यादेखत बोललं जायचं. तात्या ऐकायचे आणि पुढं जायचे.

गया बोलायचीच थांबली. ते तिच्या दारात गेले तर म्हणाली, "माझा भाऊ मायसंगंच गेला," आणि दार लावून घेतलं.

मी सुट्टीवर आलो तेव्हा हे कळलं. संतापून म्हणालो, "मी जातो तिच्याकडं. सांगतो तिला, तुम्ही स्वतःसाठी थांबला नव्हता."

तात्या बाजेवर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "जाऊ नको."

"कावून?"

"ती म्हनती ते खोटं न्हाई. मी थांबलोच की. कुनासाठी थांबलो ह्यानं मायला काय फरक पडला?"

सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवून तेच म्हणाले, "मला वाटलं हुतं, माय थांबंल. ती कायम थांबायची. मेंढरू मागं ऱ्हायलं तरी थांबायची, मी मागं ऱ्हायलो तरी थांबायची."

ते पुन्हा परदेशात गेले नाहीत. उमापूर-गेवराई काळीपिवळी चालवू लागले. जीप खचाखच भरलेली, टपावर पोती, आणि वाटेत एखादी म्हातारी हात करताना दिसली की तात्या ब्रेक मारायचे. आतले ओरडायचे, जागा न्हाई. तात्या उतरून स्वतःच्या सीटवर तिला अर्धी जागा करून द्यायचे आणि स्वतः दाराला चिकटून गाडी हाकायचे. कुणी घाई केली तर ऐकू न आल्यासारखं करायचे. लोक म्हणायचे, येडं झालंय. पण हात केलेल्या म्हातारीला सोडून ती जीप कधी पुढं गेली नाही.

भाऊबीजेला ते कड्याला जायचे, हे मला फार उशिरा कळलं. मायच्या मागं पहिल्या वर्षी गेले, दुसऱ्या वर्षी गेले. गयेच्या घरासमोरच्या देवळाच्या ओट्यावर दिवस काढायचे आणि परत यायचे. ती बाहेर यायची नाही. तिसऱ्या वर्षी मी गावात होतो. म्हणालो, "चला, मी मोटारसायकलवर नेतो."

पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. तात्यांनी नवा रुमाल बांधला होता, कोपरीच्या खिशात गयेसाठी साडीची पिशवी घडी घालून कोंबली होती. ओट्यावर जिथं बसले तिथं उन्हाची तिरीप थेट तोंडावर येत होती. मी बाजूला सावलीत होतो, म्हणालो, इकडं सरका. ते म्हणाले, इथनं दार दिसतं.

बराच वेळ गेला. वस्तीवरच्या बायका ओवाळून झाल्या, पोरं नवे कपडे घालून फिरायला लागली. मग गया बाहेर आली. हातात शेळ्यांसाठी पाल्याचा भारा. तात्यांसारखीच किडकिडीत, नाकही त्यांचंच. भारा टाकून ती आत जायला वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. आमच्याकडं पाठ होती.

"उन्हात कावून बसलाव?" ती म्हणाली. "सावलीला बसा."

आणि आत गेली.

जन्मभर ज्याला ती तू म्हणत आली त्याला ती तुम्ही म्हणाली होती, वाटसरूला म्हणावं तसं. मी तात्यांकडं बघायचं टाळलं. ते मात्र उठले, लिंबाच्या सावलीत गेले आणि सांगितल्याप्रमाणं तिथं बसले. दिवस कलेपर्यंत बसले. ती पुन्हा बाहेर आली नाही. निघताना साडीची पिशवी त्यांनी तिच्या उंबऱ्यापाशी ठेवली आणि दाराला हात न लावता परत आले.

येताना ते उमापूरच्या फाट्यावर उतरले. इथून घरापर्यंत सोडतो म्हणालो तर नको म्हणाले, चालत जातो. रुमाल सोडून त्यांनी तोंड पुसलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बोलली की रं," तात्या म्हणाले.

मग वळले आणि रस्त्याच्या कडेकडेनं, मागून येणाऱ्या गाड्यांना वाट देत, गावाकडं चालू लागले.